भाऊच्या नावाची मूठ

"आ कर रे भाऊ, आ कर." कोणी पाहुणा येऊन गेला की आमच्या अक्का आधी भाऊच्या तोंडात बोट घालून गालफडं तपासायच्या. तुम्ही पेढे घेऊन आला असतात, तर तुमचीही खैर नव्हती.

भुसावळच्या बालगृहात मी नर्स, अक्का मुलं सांभाळणाऱ्या. मूळच्या धुळ्याकडच्या. भाऊ आता सहा वर्षांचा, आईबापांनी इथेच सोडलेला. त्याला जन्मतःच गहू, डाळ, दूध चालत नाही. त्यातल्या प्रथिनाचं विष अंगात साचतं आणि झटके येतात. एकदा तर मरता मरता वाचलाय. म्हणून सण आला, देणगीदार आले की मी त्याच्याजवळून हलत नसे. अक्का होत्या म्हणून मी निदान जेवायला तरी जायचे.

आणि त्याच अक्का एका वर्षी कानबाईच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी पदराखाली डबा घेऊन भाऊजवळ बसलेल्या! डब्यात कानबाईचा रोट. खानदेशाबाहेरच्यांना सांगते, श्रावणात घरी कानबाई देवी बसवतात, तेव्हा घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मूठभर गहू घेऊन हे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात, आणि घरच्यांशिवाय ते कोणी खायचे नसतात.

"अहो अक्का, डोकं फिरलं का? गहू आहे तो!" मी ओरडलेच.

"येना नावनी मूठ टाकेल शे. घरना मानूसले रोट नको का?"

मी झडप घालणार तोच त्यांनी तुकडा भाऊच्या कपाळाला टेकवला आणि स्वतःच्या तोंडात टाकला.

"मी काय येडी शे का, बाई? येना वाटाना मी खासू."

मग हात साबणाने धुतले, त्याचं कपाळ पुसलं, आणि वर "आ कर रे भाऊ" होतंच. मला रडूही आलं आणि रागही. पुढे दरवर्षी हेच, आणि दरवर्षी मीही तशीच झडप घालायच्या तयारीत.

अक्का आजाराने गेल्या. भाऊ कितीतरी दिवस दाराशी बसून होता. नवीन बाई चांगल्या आहेत हो, पण तोंड बघायचं विसरतात, मग मीच धावते. सुतकाचं वर्ष म्हणून गेल्या श्रावणात अक्कांच्या घरी कानबाई बसली नाही. आता कसली मूठ नि कसलं काय, असं मी धरून चालले होते.

यंदा अक्कांचा मुलगा धुळ्याहून आला. हातात तोच डबा.

"मायनी सांगेल शे, भाऊनी मूठ बंद करानी नही."

मी भाऊला मांडीवर घट्ट धरून बसले. त्याने तुकडा भाऊच्या कपाळाला टेकवला आणि तोंडात टाकला. पण त्याचे डोळे भरून आले, घास गालातच राहिला.

भाऊ माझ्या हातातून निसटला, त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि बोट पुढे करून म्हणाला, "आ कर रे भाऊ, आ कर."