इस्मे टांटीची काठी

बेटाच्या दक्षिण टोकाला, आमच्या मोरुगा गावात, इस्मे लेझामाशी कुणी गोडीने बोलत नसे, आणि तिलाही त्याची गरज वाटत नसे. सगळे तिला टांटी म्हणायचे, कारण आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला तसंच म्हणतात. त्यात माया होतीच असं नाही. ती धुरावलेले मासे विकायची. मासा शिळा आहे का असं कुणी विचारलं, तर म्हणायची, ''तुझ्यापेक्षा ताजा आहे.'' पाद्र्याशी तिचं भांडण होतं. शेजारणीच्या बकऱ्यांशी होतं. माझ्याशीही होतं, कारण मी ढोल वाजवतो आणि तिच्या मते माझा हात मंद आहे.

पण कार्निव्हलच्या आधी काठीच्या लढतींचं रिंगण भरलं, की टांटीशिवाय पान हलत नसे. रिंगणात दोघं काठी घेऊन नाचत एकमेकांवर धावून जातात, ढोल त्यांना पाय देतो आणि गाणारी त्यांना राग देते. इस्मेसारखी गाणारी दक्षिणेत दुसरी नव्हती. तिने एकदा आवाज चढवला, की घरी बायकोला घाबरणारा माणूसही काठी उचलून आत शिरायचा.

तिचा सगळ्यात जुना वैरी होता रिओ क्लारो गावचा थेओफिल पापोनेत. त्याच्या काठीने इस्मेच्या धाकट्या भावाचा, अल्बनचा, डोळा गेला होता. रिंगणात झालेलं रिंगणातच सोडायचं, असा नियम आहे. इस्मेने तो कधीच मानला नाही. तिचं म्हणणं, ढोल थांबल्यावर थेओफिलने मारलं. थेओफिलचं म्हणणं, ढोल चालू होता. ढोल माझाच होता, म्हणून दोन्हीकडचे मला विचारायचे. त्या गोंगाटात माझा ढोलावरचा हात आणि त्याची काठी एकदमच खाली आले. याहून जास्त मला ठाऊक नाही. अल्बन नंतर ओसरीत बसून रम प्यायला लागला आणि त्यातच गेला. त्याचा मुलगा जेरॉन, त्याला इस्मेने वाढवलं. मासे विकायला नाही शिकवलं, काठी शिकवली.

जेरॉन तिशीला आला, तेव्हा राजधानीतल्या, पोर्ट ऑफ स्पेनच्या, एका म्युझियमचं बोलावणं आलं. एका श्रीमंत घराण्याचं ते म्युझियम. कार्निव्हलच्या आधी तिथे रात्रभर पार्टी असते: स्टीलपॅनचं वादन, लिंबो नाच, सोकाची गाणी, आणि यंदा आमची काठी. मिस रोशेल नावाची बाई ते सगळं बघत होती. मोरुगाहून एक लढणारा, एक गाणारी, ढोलवाले; समोरून दुसऱ्या गावचा कुणी अनुभवी माणूस, असं तिने फोनवर सांगितलं. कोण, ते सांगितलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा आवारात गाड्या मावत नव्हत्या. संगमरवरी दिवाणखान्यात काचेच्या पेट्यांमध्ये जुने ढोल ठेवलेले, प्रत्येकावर 'हात लावू नये' असं लिहिलेलं. इस्मे एका पेटीला पाठ टेकून उभी राहिली, तर एक रखवालदार धावत आला.

''मॅडम, जरा बाजूला.''

''का? ढोल चावतो का?''

मिस रोशेल लाल सॅटिनचे चमचमते सदरे घेऊन आली. सोबत दोन काठ्या, रंगवलेल्या, पिसासारख्या हलक्या. ''खऱ्या नकोत हं. इथे फक्त झलक दाखवायची आहे. आणि टांटी, गाणं जरा गोड घ्या. पाहुणे बाहेरून आलेत.''

''गोड हवं तर केक मागवा,'' इस्मे म्हणाली.

तेवढ्यात मागच्या जिन्यावरून थेओफिल पापोनेत उतरला. सत्तरी ओलांडलेला, डोक्यावर टोपी, हातात स्वतःची, पुईच्या टणक लाकडाची काठी. मिस रोशेलने पुढे केलेल्या रंगीत काठीकडे बघून तो हसला आणि ती त्याने कुंडीत खोचून दिली. मग त्याची नजर इस्मेवर पडली आणि हसू गेलं.

मला वाटलं, टांटी आता पाठ फिरवून चालू लागेल. पण तिचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत मी तिला असं खुशीत पाहिलं नव्हतं. तिने जेरॉनची बाही धरून त्याला कोपऱ्यात ओढलं.

''गाडीतून आपली काठी आण.''

''टांटी, ही पार्टी आहे.''

''तुझ्या बापाचा डोळा ज्याने काढला तो तिथे उभा आहे. पार्टी या लोकांची असेल.''

''म्हातारा झालाय तो.''

''तुझा बाप म्हातारा झाला का? होऊ दिलं का त्याला?''

जेरॉन गेला आणि काठी घेऊन आला. मिस रोशेलचं तिकडे लक्ष नव्हतं. ती माइकवर आमची ओळख करून देत होती. लोक ग्लास घेऊन गोल करून उभे राहिले. फोन वर झाले.

मी ढोल सुरू केला. इस्मे पुढे आली आणि तिने गळा मोकळा सोडला.

''रिओ क्लारोहून आला कोंबडा चालून,
परत नेताना न्या त्याला टोपलीत घालून!''

'टोपलीत, टोपलीत,' आम्ही ढोलवाल्यांनी धरलं. पाहुण्यांना ते फार आवडलं. तेही ओरडू लागले, 'टोपलीत, टोपलीत!' एक बाई ग्लास डोक्यावर धरून कंबर हलवत होती.

आधी दोघं नुसतेच नाचले. थेओफिल या वयातही सुंदर नाचायचा, ते मान्य करायला हवं. खांदे सैल, पाय जमिनीला लागतात की नाही कळू नये असे. जेरॉनने दोन वार केले, त्याने दोन्ही काठीवर घेतले. खेळ तिथे संपायचा होता. मिस रोशेल कडेला उभी राहून मला हाताने थांबण्याची खूण करत होती. पण इस्मे माझ्यासमोर येऊन उभी राहिली, तिच्या पाठीने मिस रोशेल झाकली गेली, आणि तिने नवं कडवं काढलं. त्यात अल्बनचं नाव होतं. ओसरीवरच्या रिकाम्या खुर्चीचं नाव होतं. मी बघितलं, जेरॉनचा जबडा आवळला गेला. थेओफिलने एक क्षण इस्मेकडे मान वळवली, आणि जेरॉनची काठी त्याच्या भुवईच्या वर बसली.

टाळ्या पडल्या. खूप मोठ्या.

आमच्या रिंगणात मध्ये एक खड्डा असतो. ज्याचं रक्त निघालं, त्याने स्वतः चालत जाऊन ते खड्ड्यात सोडायचं. त्यात कमीपणा नसतो. लोक तेव्हा गप्प होतात. थेओफिल त्या संगमरवरावर गुडघ्यांवर बसला आणि हाताने जमीन चाचपू लागला. खड्डा कुठून असणार? मग त्याने टोपी काढली आणि कपाळाखाली धरली.

''अरे, खरं रक्त आहे का ते?'' कुणीतरी विचारलं.

''छे, रंग असेल. मस्त करतात हं.''

''फरशी!'' मिस रोशेल ओरडली. ''कुणीतरी कापड आणा, फरशीवर डाग पडेल!''

आणि लगेच मोठ्या स्पीकरवर सोका सुरू झाला. गोल मोडला. लोक थेओफिलच्या दोन्ही बाजूंनी नाचत पुढे गेले. इस्मे ओरडत होती, ''बंद करा! तो बसलाय अजून! बंद करा ते!'' पण तो दक्षिणेतला सगळ्यात मोठा आवाज तिथे कुणालाही ऐकू गेला नाही.

आम्हाला मागच्या स्वयंपाकघरात नेलं. तिथे एक आचारीण पेलाउ भाताच्या पातेल्यापाशी उभी होती. तिने थेओफिलच्या कपाळाला फडकं बांधलं. इस्मे त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

''झालं समाधान?'' तो म्हणाला.

''नाही.''

''होणार नाहीच. तुझ्या भावाचा डोळा मी रिंगणात घेतला. तू मला माकडाच्या खेळात पाडलंस.''

''ढोल थांबला होता.''

''नव्हता थांबला.''

''थांबला होता, नीच माणसा!''

थेओफिलने फडकं दाबून धरलं आणि सावकाश मान वर केली. ''त्या दिवशी अल्बनला ताप होता. उभं राहवत नव्हतं त्याला. मी म्हटलं, आज राहू दे. तोही बाजूला होत होता. मग तू गायला लागलीस. सगळ्या गावासमोर त्याला बायल्या म्हणून गायलीस. डोळा मी काढला, हे खरं. पण त्याला आत कुणी ढकललं? गाणारी तू, आणि काठी नेहमी दुसऱ्याच्या हातात. आजही तसंच.''

इस्मेने तोंड पातेल्याकडे वळवलं.

''माझं रक्त हवं असेल तर मोरुगात ढोल लावा,'' थेओफिल उठत म्हणाला. ''मी येतो. पण हा पोरगा माझ्यासमोर नको.''

परतीच्या वाटेवर गाडी जेरॉन चालवत होता. प्रिन्सेस टाउन मागे पडल्यावर त्याने विचारलं, ''बाबाला ताप होता?''

इस्मे खिडकीबाहेर बघत होती. ''होता.''

''तुला माहीत होतं?''

''माझ्याच हाताने काढा करून दिला होता.''

जेरॉनने गाडी थांबवली, खाली उतरला, आपली काठी उसाच्या शेतात भिरकावून दिली आणि परत येऊन गाडी चालू केली. दुसऱ्या आठवड्यात तो तिच्या घरातून निघाला आणि बंदराजवळ खोली घेऊन राहिला.

कार्निव्हलच्या आधीच्या शनिवारी दुपारी आमचं रिंगण भरलं. थेओफिल आला. कपाळावर ताजा व्रण होता. रिओ क्लारोची माणसं त्याच्या मागे उभी, आमची समोर, आणि दोन्हीकडून शिव्या चालू. सगळ्यांना वाटलं, इस्मे आता गाईल आणि आमच्यातला कुणीतरी पेटून आत जाईल. तरुण मुलं मनगटं चोळतच होती.

इस्मेने डोक्याचा रुमाल घट्ट बांधला, माझ्या शेजारच्याची काठी घेतली आणि स्वतः आत गेली.

आधी हशा झाला. मग तो थांबला.

''बाहेर हो, इस्मे,'' थेओफिल म्हणाला. ''बाईवर काठी उचलत नाही मी.''

तिने त्याच्या खांद्यावर सणसणीत ठेवून दिली. ''आता उचलशील?''

गायला कुणी नव्हतं, म्हणून तीच गायली. धाप लागत होती, ओळी तुटत होत्या, तरी शिव्या चोख होत्या. त्याच्या आईपासून त्याच्या गुडघ्यांपर्यंत तिने काही सोडलं नाही. तो नुसता अडवत होता. मागे सरायचा, काठी आडवी धरायचा, आणि तिचा वार फुकट जायचा. गर्दीला बरं वाटत होतं. म्हातारा शहाणपणाने घेतोय, असं लोक म्हणू लागले. पण इस्मे भडकली.

''दया करतोस? माझ्यावर? अल्बनवर केली होतीस का?''

''केली होती,'' तो म्हणाला, ''तू करू दिली नाहीस.''

ती आंधळ्यासारखी धावून गेली. आणि तेव्हा त्याने मारलं. लटकं नाही, हात राखून नाही. जसं पुरुषाला मारतात तसं, कानाच्या वर. मी ढोल थांबवला. इस्मे गुडघ्यावर आली. रुमाल लाल होत गेला.

गर्दीतून जेरॉन बाहेर आला. तो आलाय हे कुणाला माहीत नव्हतं. त्याने तिला हात दिला. तिने तो झटकला. स्वतः उठली, अडखळत खड्ड्यापाशी गेली, वाकली, आणि रक्त मातीत पडू दिलं. कुणी शब्द काढला नाही. रिओ क्लारोच्या माणसांनी टोप्या काढल्या. थेओफिल काठी खाली टेकून उभा राहिला, ती सरळ होईपर्यंत.

''बरं मारलंस,'' ती म्हणाली. ''पण माणूस नीचच आहेस.''

''आणि तुझा गळा फाटका आहे,'' तो म्हणाला. ''आधीपासूनच.''

तो गेला. जेरॉनने टांटीला आरोग्य केंद्रात नेऊन टाके घालून आणलं. तो तिच्या घरी परत राहायला आला नाही. रविवारी येतो, गॅसची टाकी बदलून देतो, जेवतो, निघतो. बोलणं कामापुरतं. इस्मेने रिंगणात गाणं सोडलं. तरुण मुलं मागे लागली तर म्हणते, ''ज्याला मारायची हौस आहे त्याने आपलं आपण गावं.'' म्युझियमने पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं. मिस रोशेल फोनवर म्हणाली, मागच्या खेपेचं लोकांना अजून आठवतंय. इस्मेने तिला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही.

थेओफिल नंतरच्या पावसाळ्यात वारला. इस्मे एकटीच रिओ क्लारोला गेली. त्याच्या अंगणात मयताच्या जागरणाला आलेली माणसं आमच्याकडच्या रीतीप्रमाणे पत्ते खेळत होती, रम फिरत होती. तिला बघून सगळे उठून उभे राहिले. त्याची मुलगी दारात आली.

''तू कशाला आलीस?''

''खरंच मेलाय का बघायला.''

मुलीने तिला आत घेतलं नाही, आणि हाकललंही नाही. थोड्या वेळाने बिनसाखरेच्या काळ्या कॉफीचा कप तिच्या हातात आणून दिला. इस्मेने अंगणाच्या कडेला उभ्यानेच कप संपवला, तो भिंतीवर उपडा ठेवला आणि गाडी पकडायला रस्त्याकडे चालू लागली.