पाखरीच्या वहिनी

सकाळी देवाला नमस्कार करण्याआधी आमच्या वहिनी गोठ्यात जाऊन घोडीची लीद हातात घेत आणि फोडून बघत. लिदीत दाण्याचा अख्खा तुकडा दिसला की त्यांचा चेहरा उतरे. मग दिवसभर घरात बोलणं कमी. माझी आजी तोंडाला पदर लावून म्हणे, "काय बाई अवदसा ही!" वहिनी हात धुता धुता शांतपणे सांगत, "तिला तोंड न्हाई ना बोलायला. हितंच कळतं."

माझा थोरला भाऊ उदगीरला गिरदावर होता. निजामाच्या राज्यात गिरदावर म्हणजे गावोगाव फिरून पिकं आणि शिवारं तपासणारा महसुलाचा माणूस. नोकरी टिकवायची तर घोड्याची सोय आपली आपण करावी लागे, आणि त्याला पोसायचं तेही आपल्याच पगारातून. दादांची कुमाईत, म्हणजे गडद तांबूस रंगाची घोडी होती, पाखरी. लग्नाआधी दादा तिला दिवसातून एकदाच काय तो हरभऱ्याचा तोबरा भरून तोंडाला चढवत आणि उरलेला दिवस कडब्याची पेंढी पुढे टाकून मोकळे होत. पोट नगाऱ्यासारखं, फासळ्या मात्र मोजून घ्याव्यात अशा.

वहिनी देगलूरकडच्या, कुणब्याच्या घरातल्या. त्यांचे वडील दरवर्षी माळेगावच्या जत्रेत घोडी बघत हिंडायचे, त्यामुळे लहानपणापासून घोडी त्यांच्या अंगवळणी पडलेली. सासरी आल्यावर महिनाभर त्या काही बोलल्या नाहीत. मग एके दिवशी दादांच्या हातातला तोबराच त्यांनी काढून घेतला. "बैलावानी भरून ठेवायला जमत न्हाई हिला. घोड्याचं पोट लई बारीक. थोडं थोडं द्या, पण दिवसभर द्या." दादा हसले आणि बाजूला झाले. तेव्हापासून घोडी वहिनींची झाली.

हरभरा महाग, म्हणून त्यांनी हुलगे आणले. माहेरी शेजारपाजार तेलुगू, त्यामुळे हुलग्यांना त्या 'उलवलु'च म्हणत. ते भिजवायचे, शिजवायचे, गार करायचे आणि गव्हाच्या कोंड्यात कालवून मूठ मूठ द्यायचे. कडबा विळ्याने बारीक तोडायचा म्हणजे पायाखाली वाया जात नाही. बुरशीचा वास आलेली पेंढी सरपणात. दाण्याआधी पाणी, आणि गव्हाणीत सदा सैंधवाचा खडा. "तहानेलं असताना दाणा चढवला की पोटात शूळ उठतो," असं त्या मला सांगत आणि माझ्याकडून वदवून घेत, जणू मलाच एखादी घोडी सांभाळायची आहे.

महायुद्धाच्या दिवसांत धान्य मिळेनासं झालं. माणसांनाच ज्वारी पुरेना, तिथे घोडीला हुलगे कुठले? वहिनींनी हरळीवर नजर वळवली. शेतात हरळी माजली की कुणबी तिला शिव्या देत उपटतात आणि बांधावर फेकतात. वहिनींनी रानातून परतणाऱ्या बायकांना सांगून ठेवलं, "फेकू नका माय, माझ्या दारात टाका." मुळांची माती धुऊन ती हरळी त्या घोडीला घालत. भुईमुगाची काढणी झाली की वाळलेले वेल भारेच्या भारे आणवत. एकदा आठवड्याच्या फिरतीवरून आलेल्या दादांनी पाखरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "हरभरा कुठून आणलास?" वहिनी म्हणाल्या, "कशाचा हरभरा? लोकांच्या शिव्या खाल्लेलं गवत खाऊन राहिली ती." त्या दिवशी मी त्यांना मोकळं हसताना पाहिलं.

पुढे माझं लग्न ठरलं. मुलगा नांदेडचा. नवरदेवाला मारुतीच्या देवळाला न्यायला पाखरीच सजवली. मिरवणूक झाल्यावर घोडी जानवशाच्या अंगणातच बांधलेली राहिली, आणि वहिनी तर लग्नघरात पंगतींमध्ये अडकलेल्या. माझे सासरे, मामंजी, फार मायाळू माणूस. सुनेच्या माहेरची घोडी म्हणून त्यांनी कौतुकानं भिजवलेला हरभरा बादलीभर चारला, वरून गूळ आणि पुरणपोळ्या. हे सगळं मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी माझी पाठवणी. ओटी भरायची वेळ झाली तरी वहिनींचा पत्ता नव्हता. आल्या तेव्हा त्यांच्या शालूला माती लागलेली होती आणि हातांना हिंगाचा वास येत होता.

"कुठं होता हो वहिनी?"

"पाखरीला पाणी दावत होते, माय."

"मला भेटायचंय तिला. गाडीला वेळ आहे अजून."

त्यांनी माझा पदर सारखा केला. "आता नको. लई दमली ती, निजली हाय. तू हसत जा." टांगा वळेपर्यंत त्या हसतच उभ्या होत्या.

नागपंचमीला माहेरी आले आणि आधी गोठ्यात धावले. गव्हाणीजवळ सरपण रचलेलं होतं. वहिनी मागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. मी ओटी भरून घेत होते तेव्हा पाखरी परसात शुळानं लोळत होती. वहिनींनी सकाळपासून तिला धरून फिरवलं होतं, हिंग-ओवा पाजला होता. माझा टांगा स्टेशनात पोचला असेल नसेल, तेवढ्यात तिनं मान टाकली.

"मला सांगितलं का नाही?"

"पाठवणीला दारात मढं पडलं म्हटल्यावर जन्मभर तुला पांढऱ्या पायाची म्हटले असते." मग त्यांनी माझा हात घट्ट धरला. "तुझ्या सासऱ्याला कळू द्यायचं न्हाई. त्यांनी मायेनं चारलं. म्हातारा माणूस, जिवाला लावून घेईल. तुला त्याच घरात नांदायचंय."

वहिनींनी दुसरी घोडी येऊ दिली नाही. दादा भाड्याच्या तट्टावर फिरती करत. मी माहेरी गेले की दुपारच्या वेळी वहिनी गोठ्याच्या उंबऱ्यावर नुसत्या बसलेल्या दिसत, आणि कुणी हाक मारली की लगबगीनं उठून कामाला लागत. त्यांच्या तोंडून पाखरीचं नाव मी परत ऐकलं नाही.

मी माहेरून आले की मामंजी पहिल्यांदा विचारत, "सूनबाई, पाखरी कशी हाय? माझ्या हातून पोटभर खाल्लं होतं तिनं." मी म्हणत असे, "बरी आहे." हे वर्षानुवर्षं चाललं.

मग विषमज्वरानं वहिनी गेल्या. निरोप घेऊन माणूस आला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारातच खाली बसले. मामंजी पाण्याचा तांब्या घेऊन आले, माझ्याजवळ टेकले आणि हळूच म्हणाले, "लई जीव होता त्यांचा घोडीवर. आता कोण बघत असेल तिला?"

मी डोळे पुसले आणि म्हणाले, "ती वहिनींजवळच आहे."

"म्हणजे म्हातारपणानं तीबी गेली म्हणा. दोघींना सोबत झाली," म्हणत त्यांनी समाधानानं मान हलवली, आणि मला स्टेशनला न्यायला टांगा सांगायला स्वतःच उठून गेले.