देवापुढची पांढरी धूळ

उभ्या शहरात धुळीला मान देणारा एकच माणूस होऊन गेला आणि तो नेमका माझ्या वाट्याला व्याही म्हणून आला. मुलीच्या सासऱ्याला तोंडावर हसता येत नाही, ही आपल्याकडची मोठी पंचाईत. पिशोरच्या शेतकरी घरातला हा माणूस पोलाद कारखान्यातून निवृत्त झाला, तेव्हा सत्काराची शाल तिथंच विसरला. पण भट्टीच्या धुराड्यात साचणाऱ्या काळ्या धुळीची दोन पोती मात्र आठवणीनं रिक्षात घालून घरी आला. साखरपुड्यात भटजी खोळंबले होते आणि हे मला सांगत होते, "व्याहीबुवा, भंगारात जस्ताच्या बादल्या, पत्रे सगळं वितळतंय. लोखंड खाली ऱ्हातंय, जस्त धूर होऊन वर जातंय अन् ह्या धुळीत बसतंय. लई धन हाय, लोकं फेकून देतेत!" आहेरात आलेली बादलीसुद्धा ते आधी नखानं खरवडून बघत.

मग गच्चीवर शेगडी आली, धातू वितळवायची मूस आली. धुळीत कोळशाची पूड मिसळून तापवायची आणि निघणारा धूर उलट्या घमेल्यात धरायचा, असा बेत. प्रत्यक्षात धूर शेजाऱ्यांच्या पापडांवर बसे. विहीणबाई जिना झाडता झाडता म्हणत, "ह्यांचं धन रोज केरात टाकते मी." कारखान्याचे मालक सभांमधून कचऱ्यातून संपत्ती कशी काढावी यावर बोलत आणि स्वतःची धूळ गुपचूप नाल्याकाठी टाकवत. व्याह्यांनी त्यांनाच गाठलं. "नमुना दाखवा, शेडचा एक कोपरा देतो," असं मालक बोलून गेले आणि व्याह्यांची तहानभूक हरपली.

मालक यायच्या आदल्या संध्याकाळी घमेल्याला पिवळट थर धरला आणि निवता निवता पांढराशुभ्र झाला. जस्ताच्या भस्माची पूड, वाटीभर! व्याह्यांनी मला फोन केला आणि नुसतेच हसत राहिले. शेतातलं पहिलं कणीस आधी देवापुढं ठेवायचं, ही पिशोरची रीत. त्यांनीही पूड डब्यात भरून देवापुढं ठेवली आणि घरात कुणाला काही सांगितलं नाही.

सकाळी मी पोचलो तेव्हा व्याही उंबऱ्यात रिकामा डबा घेऊन उभे होते. पाहुणे येणार म्हणून विहीणबाईंनी देवघरातल्या त्या पुडीनं दारात ताटाएवढं कमळ काढून वर हळदकुंकू भरलं होतं. तेवढ्यात गाडी थांबली. मालक बुटांसकट कमळावरून आत आले, पोहे खाल्ले, "वहिनी, रांगोळी काय सुरेख आहे!" म्हणाले आणि नमुना मागितला. विहीणबाई लाजून पदराला हात पुसत होत्या. व्याह्यांनी त्यांच्याकडं पाहिलं.

"नाय जमलं साहेब. अजून काळीच निघतीय."

मालक हसत निघून गेले आणि शेडचा कोपराही गेला. जिन्यात मी चिडून म्हणालो, "सांगायचं होतं की!"

"चार माणसांत तिला खाली बघाया लावू? ऱ्हाऊ द्या."

आता व्याही नाहीत. दर दिवाळीला विहीणबाई म्हणतात, "ह्यांनी ती रांगोळी कुठून आणली होती, कोण जाणे. हाताला चिकटायची, पण पांढरी किती! औरंगपुऱ्याचा सगळा बाजार पालथा घातला, तशी पुन्हा नाय मिळाली." मी मान डोलावतो. त्या क्षणी मला माझ्या व्याह्यांची फार आठवण येते.