हनीफाने सासऱ्याला बर्फ दिला

चिल्लईच्या, म्हणजे ऐन कडाक्याच्या थंडीच्या, चाळीस दिवसांतले पहिले चार सरले, नळ गोठले, तळ्याच्या कडेचं पाणी काचेसारखं झालं, पण बर्फ काही पडेना. आमच्या गल्लीत सगळ्यांच्या माना वर. त्यात सगळ्यात वर हनीफाची. वाळवण बघते म्हणून माळ्यावर जायची आणि खिडकीतून आभाळ बघून खाली यायची. एकदा नाही, दिवसातून दहा वेळा.

तिची नऊ वर्षांची मसरत एकदा म्हणाली, "अम्मी, वाळलेल्या वांग्यांना पाय फुटलेत का? सारखी काय बघतेस?"

"गप बस. आणि हे बबांना सांगू नकोस."

बबा म्हणजे हनीफाचे सासरे, सोनाउल्ला कल्हईवाले. अर्ध्या शहराच्या भांड्यांना त्यांच्या हातची कल्हई. बायको जाऊन चार वर्षं झाली, मुलगा नजीर शाळेत कारकून. पण घरात राज्य अजून बबांचंच.

हनीफा तळ्याकाठच्या गावातली, भाजीवाल्यांची पोर. शाळा दोन बुकं, पण हात सोन्याचा. उन्हाळा संपत आला की तिचं घर ओळखू यायचं. दुधीच्या चकत्या दोरीवर, सलगमच्या माळा खिडकीत, टोमॅटो चिरून गवताच्या चटईवर, वांगी मधून चिरून कुंपणावर लटकवलेली. हिवाळ्यात रस्ता बंद झाला की लोक बाजारात भाजीपायी भांडायचे, आणि ही माळ्यावर जाऊन हात घालायची.

तर त्या वर्षी अक्रोड झोडपायच्या दिवसांत बबा भट्टीपाशी बसल्या बसल्या कलंडले. चक्कर आली. डॉक्टरने दंडाला पट्टा बांधून बघितलं, आकडा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाला, "मीठ कमी, चरबी बंद. मिठाचा चहा दिवसाला दोन पेले. हरीसा तर विसराच."

बबांनी डॉक्टरपुढे मान हलवली अगदी शहाण्या मुलासारखी. घरी आले, अंगातला लांब सैल फेरन सारखा केला, निखाऱ्यांची कांगडी मांडीत घेतली आणि म्हणाले, "हनीफा, चहा टाक."

दिवसाला आठ पेले प्यायचे. शिवाय थंडी लागली की पहाटे हरीसाच्या दुकानात. रात्रभर घोटलेलं मटण, त्यावर कढत तेल ओतलेलं, ते चरचरतंय तोवरच तोंडात. हनीफाने कमी मिठाची भाजी वाढली तर ताट बोटाने पुढे सारायचे. "हे बैलाला घाल. माणसाला जेवण दे."

नजीर म्हणायचा, "जाऊ दे ना, म्हातारा माणूस आहे."

पण हनीफाला जाऊ देता येत नव्हतं. तिचा बाप असाच गेला होता, चिल्लईतच. सकाळी हसत हरीसा खाऊन आला, दुपारी तोंड वाकडं झालं, आणि तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. त्याला किती वेळा सांगावंसं वाटलं होतं तिला. पण मुलीने बापाला काय सांगायचं, म्हणून गप्प राहिली. आता तिने ठरवलंच होतं की ह्या वेळी गप्प राहायचं नाही. बोलून मात्र उपयोग नव्हता. बबा ऐकायचे ते फक्त एका गोष्टीचं: पैजेचं.

आमच्याकडे पहिला बर्फ पडला की तो कशाततरी लपवून दुसऱ्याच्या हातात द्यायचा. त्याने नकळत घेतला की म्हणायचं, 'नवा बर्फ मुबारक.' घेणारा हरला, आता त्याने जेवण घालायचं. आणि देताना पकडला गेलास तर तू हरलास. लहान-मोठा, सासू-सून, कुणी बघत नाही. सोनाउल्ला कल्हईवाले तीस वर्षांत एकदाही हरले नव्हते. शेजारच्या सुलतान काकांकडून तर त्यांनी अकरा वेळा मेजवानी उकळली होती.

चिल्लई लागायच्या आदल्या दिवशी हनीफाने भात वाढता वाढता विषय काढला. "बबा, ह्या वर्षी मी तुम्हाला बर्फ देणार."

बबा इतके हसले की कांगडी हलली. "तू? पोरी, मला सुलतान देऊ शकला नाही. त्याचा बाप देऊ शकला नाही."

"मी दिला तर?"

"तर माग काय हवं ते."

"बर्फ पडल्यापासून चाळीस दिवस मी वाढीन तेच खायचं. बाहेरचा घास नाही. ताट सारायचं नाही."

बबांचं हसू थांबलं. डोळे बारीक करून बघितलं सुनेकडे. "आणि पकडली गेलीस तर?"

"तर दर शुक्रवारी माझ्या हाताने हरीसा करून घालीन. वर तेल ओतून."

"आणि चहा मोजायचा नाही."

"नाही मोजणार."

नजीरने घास खाली ठेवला. "हनीफा, वेडी झालीस का?" पण तोवर बबांनी दाढीवरून हात फिरवला होता. पैज लागली.

म्हणून ती माळ्यावर जायची. रोज नवीन युक्ती रचायची आणि रोज मोडायची. पोळीत लपवला तर? बबा वास घेतल्याशिवाय पोळी हातात घेत नाहीत. कपड्याच्या घडीत? ओल लागते. एकच डाव होता तिच्याकडे. फसला की सगळा हिवाळा तिने स्वतःच्या हाताने विष शिजवायचं.

आणि पाचव्या सकाळी पडला. कापसाच्या गादीसारखा, चार बोटं जाड. गल्लीत नुसती धावपळ. पोरं ओरडतायत, बायका दाराआडून डोकावतायत, कुणाचा कुणावर भरवसा नाही. दूधवाल्याने दूध दिलं तर पैसे दाराच्या फटीतून.

बबा चुलीच्या भिंतीला टेकून बसले, दोन्ही हात फेरनच्या आत कांगडीवर. "आज माझे हात दिसणार नाहीत," म्हणाले. "काय द्यायचं ते जमिनीवर ठेवा."

पहिली गेली मसरत. वही पुढे केली. "बबा, माझं अक्षर बघा ना."

"वही उघडून जमिनीवर धर."

उघडल्यावर पानांमधून पाणी ठिबकलं. बबा म्हणाले, "अक्षर पोहतंय की गं. जा, संध्याकाळी मला वीस अक्रोड फोडून द्यायचे." मसरत पाय आपटत गेली.

मग सुलतान काका आले, हातात तंबाखूची पुडी. "घे रे, सोनाउल्ला, ताजी आणलीय."

"तूच भर हुक्क्यात."

"अरे, घे तरी."

"तुझी तंबाखू गळतीय, सुलतान."

सुलतान काकांनी पुडी बघितली, कपाळावर हात मारला आणि तिथेच बसले. तेवढ्याने बाराव्या मेजवानीचे देणेकरी झाले.

हनीफा स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती.  तिने फळीवरून आईने दिलेलं तांब्याचं पातेलं काढलं. मागच्या दाराने गेली, आली. वर झाकण ठेवलं आणि उंबऱ्यात येऊन उभी राहिली, तोंड पाडून.

बबा लगेच म्हणाले, "आली. ठेव खाली."

"तुम्हाला द्यायला नाही आणलं, बबा. नजीरना द्यायचंय, पलीकडच्या पुलावर न्यायला."

"पुलावर काय?"

"तिथे नवा कल्हईवाला बसतो म्हणतात." ती थांबली. "राग मानू नका. अक्रोडाच्या दिवसांत तुम्ही ह्याला कल्हई केली होती. सुटली ती. तळाला फोड आलेत. काल ह्यात वांगी शिजवली, हिरवी पडली."

 सुलतान काकांनी हुक्क्याची नळी तोंडातून काढली.

"काय सुटली?" बबा म्हणाले.

"कल्हई."

"माझी?"

"वयाने होतं, बबा. नजर राहत नाही, हात राहत नाही. आम्ही कुणाला सांगणार नाही."

सोनाउल्लांचा चेहरा भट्टीतल्या तांब्यासारखा लाल झाला. पन्नास वर्षांत कुणाची छाती झाली नव्हती असं बोलायची. "आण ते इकडे."

हनीफा जागची हलली नाही. "राहू द्या. थंडीत कशाला हात बाहेर काढता."

झालं. बबांनी कांगडी बाजूला ठेवली, ताडकन उठले, दोन ढांगांत उंबऱ्याशी आले आणि तिच्या हातातून पातेलं हिसकावून घेतलं. झाकण उडवलं. आत चकचकीत कल्हईवर पांढराशुभ्र बर्फ, दाबून भरलेला.

"नवा बर्फ मुबारक, बबा," हनीफा म्हणाली.

मसरत किंचाळली, नजीर हसता हसता भिंतीवर आपटला. पण बबांनी एका बोटाने बर्फ सारला, तळ बघितला, नखाने खरवडून बघितलं, उजेडात फिरवून बघितलं. मग म्हणाले, "कल्हई तर चांगली आहे."

"चांगलीच आहे, बबा. आणखी दहा वर्षं टिकेल."

"मग ठीक." आणि पातेलं तिच्या हातात देऊन कांगडीपाशी परत जाऊन बसले. पैज हरली त्याचं नंतर. आधी कल्हई.

सुलतान काका मात्र सोडायला तयार नव्हते. "तीस वर्षं आम्हाला खाल्लंस. आता गल्लीला जेवण घाल." गल्ली आली रविवारी, हात चोळत. हनीफाने वाढलं काय? वाळल्या टोमॅटोतली वांगी, राजमा-सलगम, लसूण घालून परतलेला हाकचा पाला आणि मटणाचे ताटाला दोन तुकडे. लोकांनी एकमेकांकडे बघितलं. मग खाल्लं, आणि दुसऱ्यांदा भात मागितला. आम्हीही होतो पंगतीला. वांग्यांना आंबट इतकं झकास लागलं होतं की मीठ कमी आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. युक्तीच ती होती तिची. मीठ काढायचं चिमटीचिमटीने, आणि त्या जागी सुंठ, बडीशेप, चिंच.

पहिले दहा दिवस सोपे नव्हते. बबा वाद घालायचे. "पैज खाण्याची होती. चहा पिण्यात येतो."

"चहात पोळी बुडवता ना? मग ते खाणंच."

"उद्या बुडवणार नाही."

"नका बुडवू. पेले दोनच."

ताट मात्र सारलं नाही त्यांनी एकदाही. कल्हईवाला बोलल्याला पक्का. घास तोंडात घोळवत, डोळे मिटून, कडू औषध घ्यावं तसे खायचे. हनीफाला वाईट वाटायचं. एका दुपारी त्यांना कमळकाकडी इतक्या उदासपणे चावताना बघून ती मिठाच्या डब्याकडे गेलीसुद्धा. हात घातला, बापाचं तोंड आठवलं, हात काढला.

वीस-बावीस दिवसांनी बबा आपणहून स्वयंपाकघराच्या दारात आले. "दुधी गार पाण्यात का भिजवतेस? कोमट घे. आणि लोखंडात नको, काळी पडेल. त्या तांब्याच्यात घाल." तिने तांब्याचं घेतलं.

असे चाळीस दिवस गेले. एक्केचाळीसाव्या पहाटे दाराची कडी वाजली तेव्हा हनीफा जागीच होती. बबा निघाले होते, फेरन, कांगडी, टोपी, सगळं चढवून. पैज संपली होती, अडवणार कोणत्या तोंडाने? नजीर म्हणाला, "हरीसाला गेले." ती चूल पेटवायला बसली, पण काडी ओढवेना.

अर्ध्या तासाने बबा आले ते तणतणतच. "हरीसावाला कामातून गेला. चाळीस वर्षांचा हात त्याचा, आणि आज हरीसात मिठाचा सगळा डबा पालथा केलाय. दोन घास नाही गेले. मी म्हटलं, चाखून बघ तरी. तर मलाच म्हणतो, मीठ रोजचंच आहे, काका, तुमची जीभ तपासा. मग मीही ऐकवलं चार शब्द."

नजीरने हनीफाकडे बघितलं. हनीफा चुलीत तोंड घालून फुंकर मारत होती, मारतच राहिली. खांदे हलत होते तिचे.

"धूर झालाय का गं?" बबा म्हणाले.

"हो, बबा."

"बरं. पोटात काही नाही माझ्या. कालचं राजमा-सलगम उरलं असेल तर गरम कर, आणि त्या हरीसावाल्याला नजीर जाऊन सांगेल, मीठ कमी करायला."