अण्णाकाकांनी संमती मागे घेतली

माझ्या सख्ख्या काकांनी माझ्यावर केंद्र सरकारचा कायदा लावला, तेव्हा मी पोहे खात होतो.

केंद्र सरकारने दखल घ्यावी इतका मी मोठा माणूस आहे, हे मला त्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं. मी झाशीतल्या एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढतो. सीपरी बाजारात घर, दारात स्कूटर आणि डोक्यात एक खूळ. मुक्त सॉफ्टवेअरचं! म्हणजे जे कुणीही वापरावं, कुणीही बदलावं आणि आत काय लिहिलंय ते कुणीही उघडून वाचावं, असं सॉफ्टवेअर. (“तुम्ही उघडून वाचता का?” असं शुभाने, म्हणजे माझ्या बायकोने, एकदा विचारलं होतं. त्या दिवशी मला नेमका कामावर जायला उशीर होत होता.)

नुसतं खूळ असतं तर घरच्यांनी सोसलं असतं. पण मी ते अमलात आणलं! बिजौलीच्या एका कारखान्याने भंगारात काढलेला कॉम्प्युटर रिक्षात घालून आणला, जिन्याखाली पिठाच्या डब्याशेजारी बसवला, त्यावर गप्पा मारायचं एक मुक्त ॲप चढवलं आणि झाशीतल्या आमच्या सगळ्या गोतावळ्याला त्यावर ओढून आणलं. ओढून हा शब्द मी विचारपूर्वक वापरतोय. विशेषतः ताईआत्याच्या बाबतीत.

“आत्या, त्या बड्या कंपन्या आपले फोटो बघतात!”

“बघू देत की. चांगले आलेत.”

“आणि आपण पुसलं तरी चोरून प्रत ठेवतात!”

“मग बरंच की रे. हरवायची भीती नाही.”

“आपल्या यंत्रात तसली चोरी नाही. पुसलं की पुसलं! मागमूस राहत नाही!”

“अगोबाई,” आत्या म्हणाली आणि माझ्याकडे दयेने पाहिलं. मला वाटलं, ती भारावली आहे.

शिवाय प्रत्येक बारशाला आणि मुंजीला मी सगळ्यांना बजावून सांगायचो, “वाचल्याशिवाय ‘मान्य आहे’ दाबू नका!” लोक मान डोलवायचे आणि जिलबी वाढायला सांगायचे.

आता अण्णाकाका. आत्याचे धाकटे भाऊ, माझ्या वडिलांच्या पाठचे. बाबा गेल्यापासून भाच्यांना मामा म्हणून तेवढे एकच उरलेले. सगळी नोकरी कचेरीत गेली, न्यायाधीशांपुढे फायली ठेवण्यात. निवृत्त होऊन सदर बाजारात राहायला आले, पण भाजी घेतानाही “मुद्दा क्रमांक एक” असं म्हणून सुरुवात करतात. आणि गळा! आमच्या घराण्याची स्वतःची मंगलाष्टकं आहेत. कुण्या पूर्वजाने रचलेली, कुलदैवतापासून बेतवा नदीपर्यंत सगळ्यांना लग्नाला बोलावणारी. ती कुठे छापलेली नाहीत, इंटरनेटवर नाहीत, फक्त अण्णाकाकांच्या गळ्यात आहेत. प्रत्येक लग्नात ते वधूवरांच्या नावाचं नवं कडवं जोडतात आणि म्हाताऱ्या बायका डोळे पुसतात.

आत्याच्या मुग्धाचं लग्न ठरलं तेव्हा या गळ्याला फारच महत्त्व आलं. नवरा मुलगा सौरभ इथलाच, पण हिंदीभाषक घरातला. त्यांचे पंडितजी सात फेरे झोपेतही उरकतील, पण अंतरपाट म्हणजे काय, हे त्यांना चादर धरून समजवावं लागलं. मंगलाष्टकं आपल्यालाच म्हणायची होती. अण्णाकाकांचा घसा थंडीत बसतो, म्हणून आत्याने आधीच त्यांना आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसवून सगळी मंगलाष्टकं फोनवर रेकॉर्ड करून घेतली (दुसऱ्या कडव्यात कुकरची शिट्टी आहे) आणि ती माझ्या यंत्रात ठेवून फोनमधली पुसली. जागा अडते म्हणून. ठेवायला मीच सांगितलं होतं. “याहून सुरक्षित जागा झाशीत नाही,” हे माझं वाक्य.

मग साखरपुडा झाला. जेवणानंतर अण्णाकाका सोफ्यावर झोपले. तोंड सताड उघडं, पोटावर वाटी, वाटीत गुलाबजाम, आणि गुलाबजाम कुठल्याही क्षणी उडी मारणार अशा बेतात. आत्याने फोटो काढला आणि आमच्या घरच्या ॲपवर टाकला. तिथून तो कुणीतरी सौरभच्या घरी पाठवला. तिथे एका हुशार पोराने त्याचं स्टिकर केलं आणि खाली लिहिलं, “मामाजी ड्यूटी पर हैं।” दोन दिवसांत ते सदर बाजारात पोचलं. अण्णाकाका मिठाई घ्यायला गेले तर हलवाई हात जोडून म्हणाला, “आइए मामाजी! आज जागते हुए?”

त्यानंतरची ती पोह्यांची सकाळ. अण्णाकाका काळा कोट घालून दारात उभे! हातात टाईप केलेला कागद.

“मुद्दा क्रमांक एक. देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झालेला आहे. माझा चेहरा ही माझी माहिती. ती सांभाळणारा इसम तू.”

“मी? काका, फोटो आत्याने टाकला!”

“यंत्र कुणाच्या जिन्याखाली आहे?”

“माझ्या.”

“मग इसम तूच. मुद्दा क्रमांक दोन. मी माझी संमती मागे घेत आहे. माझ्यासंबंधी जे जे काही आहे, ते सगळं पुसून टाकायचं. मुद्दा क्रमांक तीन, दंड. कोटींत आहे.”

कोटी हा शब्द ऐकून शुभाने गॅस बंद केला.

आता बघा, गोतावळा त्या बड्या कंपनीच्या ॲपवर असता, तर काकांची नोटीस समुद्रापार गेली असती आणि तिकडेच विरघळली असती. पण मी मोठ्या अभिमानाने स्वतःच कंपनी झालो होतो! माझी पाचावर धारण बसली. पण खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. माझं यंत्र कायदा किती चोख पाळतं, हे दाखवायची संधी आयती चालून आली होती.

“आत्ता पुसतो, काका. तुमच्यासमोर!”

जिन्याखाली वाकून मी यंत्राला हुकूम सोडला. पडद्यावर आलं, या व्यक्तीसंबंधी पुढील सर्व काही कायमचं पुसलं जाईल, कृपया यादी तपासा. यादी लांब होती. पोहे गार होत होते. मी ‘मान्य आहे’ दाबलं.

“झालं?” काकांनी विचारलं.

“मागमूस नाही!”

काकांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. काहीतरी बोलतील असं वाटलं, पण ते पोहेही न खाता निघून गेले. लग्नालाही येणार नाही, असं फाटकातून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आत्या मुग्धाला घेऊन आली. “अण्णा रुसला तर रुसू दे. मी मोठी आहे, मी माफी मागणार नाही. आवाज आहे ना आपल्याकडे? लाव बरं, मांडवातल्या भोंग्यावर कसा वाटतो बघू.”

मी लावायला गेलो. आवाज नव्हता. फोटो नव्हता, आवाज नव्हता, कुकरची शिट्टीसुद्धा नव्हती.

“त्या कंपनीवाल्यांकडे असती ना रे एखादी चोरून ठेवलेली प्रत?” आत्या अगदी हळू आवाजात म्हणाली.

“असती,” मी म्हणालो.

तेवढ्यात तिच्या फोनवर सौरभच्या मावशीचं सुप्रभात आलं. सोबत उघड्या तोंडाचे अण्णाकाका! जो फोटो जायला हवा होता, तो अख्ख्या झाशीत मजेत फिरत होता, आणि जो आवाज राहायला हवा होता, तो माझ्या प्रामाणिक यंत्राने प्रामाणिकपणे गिळला होता. मला इतकी लाज वाटली की मी उगाचच पिठाचा डबा सरळ केला. आत्या रडायला लागली. मुग्धा मात्र रडली नाही. ती एवढंच म्हणाली, “आवाज़ छोड़ो. मामा नाही आले तर मी खोलीतून निघणारच नाही. मला मांडवात कोण नेणार?”

मी स्कूटर काढली आणि सदर बाजार गाठला. अण्णाकाका उन्हात शेंगा सोलत बसले होते.

“काका, लग्न उद्यावर आलंय!”

“आपण कोण?”

“काका, मी विनू!”

“असेल. पण तू मला ओळखतोस कसा? माझं नाव, चेहरा, आवाज, सगळं तर तू पुसून टाकलंस.”

“निदान मंगलाष्टकं तरी लिहून द्या!”

“नव्याने संमती लागेल. लेखी. कशासाठी, किती वेळासाठी, ते स्पष्ट नमूद करून.”

मी तिथल्या तिथे अर्ज लिहिला. त्यांनी चष्मा लावला, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, आणि कागद शेंगांची टरफलं टाकायला घेतला.

लग्नाच्या दिवशी मी मांडवामागच्या कोठीत, वांग्यांच्या टोपल्यांमध्ये बसून, आठवतील तेवढी मंगलाष्टकं घोकत होतो. आठवत होतं दोनच. बेतवा आणि शेवटचं सावधान. बाकीच्या गोंधळात कोण कुठे गेलं, मुग्धा मेंदीच्या हातांनी शुभाच्या स्कूटरवर मागे बसून सकाळीच कुठे जाऊन आली, याचा मला पत्ता नव्हता. (घरातली खबर मला नेहमीच सगळ्यांत शेवटी कळते. माझंच ॲप असून!)

मुहूर्त आला. अंतरपाट धरला गेला. मी माईक घेऊन वराच्या बाजूला उभा. पलीकडे मुग्धाची पावलं वाजली, तेव्हा जिवात जीव आला. चला, निदान नवरी तरी खोलीतून निघाली!

“भैया, शुरू कीजिए, मुहूर्त निकला जा रहा है!” पंडितजी म्हणाले.

मी डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिल्या ओळीत बेतवा आली. दुसऱ्या ओळीत पुन्हा बेतवाच आली. तिसरीत काही सुचेना, म्हणून मी जोरात “सावधान!” म्हणालो. आत्याने वरपक्षाला शिकवून ठेवलं होतं, सावधान ऐकलं की अक्षता टाकायच्या. पडल्या! मी पुन्हा बेतवा आणली. पुन्हा सावधान! पुन्हा अक्षता! माझी आठवण संपली की सावधान, अशी गाडी सुरू झाली, आणि माझी आठवण फार लवकर लवकर संपत होती. वरपक्षाच्या अक्षता संपल्या. मग त्यांनी झेंडूच्या पाकळ्या टाकल्या. मग हारातली अख्खी फुलं. सौरभच्या मावशीने तर हातातल्या बशीतला चिवडा भिरकावला! सौरभ खालच्या आवाजात म्हणाला, “भैया, और कितनी बार सावधान होना है?”

“ही बेतवा आहे की पूर?” अंतरपाटाच्या पलीकडून आवाज आला. “बंद कर! ती तिसऱ्या कडव्यात येते!”

मी अंतरपाटावरून डोकावलो. मुग्धाच्या पाठीशी, डोक्याला फेटा, हात तिच्या दोन्ही दंडांवर, अगदी रीतसर मामा उभा! अण्णाकाकांनी एक हात पुढे करून माझ्याकडून माईक काढून घेतला, घसा खाकरला आणि पहिलं कडवं उचललं.

फुलं भिरकावणारे हात खाली आले. घसा थोडा बसलेला होता, पण त्यामुळे काका अधिकच आपले वाटत होते. कुलदैवत आलं, पूर्वज आले, आणि बेतवा आली ती तिच्या जागी, तिसऱ्या कडव्यात. शेवटी मुग्धा-सौरभचं नवं कडवं आलं आणि मुग्धाने मान खाली घातली. तिला त्यातले निम्मे शब्द कळत नाहीत, तरी काजळ गालावर आलं. माझंही नाक वाहायला लागलं. त्या क्षणी मला कळलं की हा माणूस आला नसता, तर मी स्वतःला कधीच माफ केलं नसतं.

शुभाने पंगतीत सांगितलं. मुग्धा सकाळी अण्णाकाकांकडे जाऊन म्हणाली होती, “मामा, फोटो मैंने भेजा था सौरभ को. मला तुम्ही त्यात फार गोड दिसलात.” काकांनी कपाटातून फेटा काढला. मग म्हणाले, “स्टिकर मलाही पाठव.” आत्याने माफी मागितली नाही. तिने फक्त अण्णाकाकांच्या पानात पहिली जिलबी वाढली आणि “घसा कसा आहे?” असं विचारलं.

सगळं गोड झालं होतं. आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. नवं स्टिकर! मी. माईकपुढे. डोळे मिटलेले, तोंड सताड उघडं, डोक्यावर चिवडा. खाली लिहिलेलं, “सावधान!”

“हे कुणी केलं?” मी पंगतीत उठून उभा राहिलो. “माझी संमती नाही! आत्ताच्या आत्ता पुसा! कायदा आहे!”

“बस खाली,” अण्णाकाका शांतपणे जिलबी मोडत म्हणाले. “घरगुती कारभाराला तो कायदा लागू नाही.”

“काय?”

“सुरुवातीलाच लिहिलंय त्यात.”

“मग तुम्ही मला ती नोटीस…”

“मला वाटलं, तू वाचशील. म्हणशील, काका, हा कायदा इथे लागत नाही, बसा, पोहे खा. मी थोडा रुसलो असतो आणि बसलो असतो. पोह्यांत शेंगदाणे छान दिसत होते. पण तू तर लगेच बटण दाबलंस! बारशाला, मुंजीला, सगळ्यांना वाचा वाचा म्हणून सांगणारा माणूस तू. मी तरी काय बोलणार?”

शुभा पदरात तोंड लपवून हसत होती. मी खाली बसलो आणि मला कुणीतरी जिलबी वाढली.

ते स्टिकर अजून फिरतंय. सौरभच्या घरात कुणी काही न वाचताच ‘मान्य आहे’ दाबायला निघालं, की लगेच त्याला ते पाठवतात. मुग्धा सांगते, त्याचा फार उपयोग होतो.