पिवळ्या पत्रकातून खोडलेली ओळ

अंगात कणकण आहे आणि हातात निगेटिव्ह रिपोर्ट आहे. तुम्ही विश्वास कशावर ठेवाल? लगेच उत्तर देऊ नका. माझी आई आयुष्यभर नर्स आहे, आणि तिने कागदावर ठेवला. तो विश्वास तिला मी शिकवला होता.

आमचं घर कन्नड मुलखात, चामराजपुरमला. अप्पा कारखान्यात फिटर होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. घरात पुस्तकं थोडी, पत्रकं गठ्ठ्यांनी. फडताळात पत्रकं अंथरलेली, डब्यांखाली पत्रकं. शाळेतली गणितं मी त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर सोडवली. बोलायचो आम्ही मराठी, निम्मं कन्नड मिसळून, पण पत्रक मात्र कन्नडमध्येच निघायचं. अप्पांचा नियम होता की पत्रक उभ्या माणसासाठी असतं, बस यायच्या आत वाचून संपलं पाहिजे. एक पत्रक, एक गोष्ट. वाचणाऱ्याला अडखळवणारी ओळ काढून टाकायची. हा नियम मी वेदासारखा पाठ केला होता.

साथ आली तेव्हा आई सरस्वतीपुरमच्या एका लहानशा नर्सिंग होममध्ये होती. कारखान्याच्या धुळीने अप्पांची छाती आधीच पोखरलेली. आईला एकच धास्ती होती: हा रोग आपल्या पायाने घरात यायला नको. ती मागच्या दाराने यायची, न्हाणीघरातून निघून थेट पुढच्या खोलीत जायची आणि तिथेच जेवायची. अप्पा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात ताट घेऊन बसत आणि तिथूनच तिला चिडवत, "काय सिस्टर, आज तरी व्हिजिटिंग अवर्स आहेत का?" तीही ऐकून घेणारी नव्हती. पेशंटने तोंड बंद ठेवून जेवावं, असं बजावायची. वर्षभर दोघं असं एका घरात, दोन खोल्यांत जेवली.

गल्लीने मात्र चिडवलं नाही, छळलं. दूधवाला पिशवी फाटकाला टांगून पळायचा. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने आईला फुटपाथवरूनच परत पाठवलं. आईच्या सोबतच्या एका नर्सला घरमालकाने खोली सोडायला सांगितलं. आदल्या आठवड्यात याच लोकांनी गॅलरीत उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. माझं डोकं फिरलं. मी पत्रक लिहायला बसले.

चाचणीबद्दल नीट माहिती हवी म्हणून मी नर्सिंग होमच्या लॅब टेक्निशियनला भेटले. कृष्णराजनगरहून रोज बसने येणारा, हळू बोलणारा माणूस. त्याने मला समजावलं की यंत्राला माणूस दिसत नाही, फक्त काडीवर आलेलं दिसतं. काडी नाकात नीट आतपर्यंत गेली नाही, घाई झाली, दिवस चुकला, तर विषाणू अंगात असूनही कागद निगेटिव्ह येतो. आणि झटपट होणारी रॅपिड टेस्ट तर अशी कितीदा तरी फसते. मग त्याने माझ्याच वहीत स्वतःच्या हाताने एक ओळ लिहून दिली: लक्षणं असतील तर एका निगेटिव्हवर थांबू नका. "एवढी ओळ ठेवा मॅडम," तो म्हणाला, "बाकी तुमचं काय ते लिहा."

मी ती खोडली.

खोडताना माझ्याकडे कारण होतं, आणि ते मला उदात्त वाटत होतं. गल्लीतल्या भित्र्या लोकांना ही ओळ दाखवली असती, तर त्यांनी नर्सला रिपोर्टसकट हाकललं असतं. शिवाय एक पत्रक, एक गोष्ट. अप्पांनी मसुदा वाचला, खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मान हलवली. बरोबर केलंस, म्हणाले. पिवळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत छापलं: हिचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे. हिच्यात विषाणू नाही. हिला दार उघडा.

पत्रक चाललं, आणि माझ्या कल्पनेपलीकडे चाललं. आई रिपोर्ट पर्समध्ये ठेवू लागली आणि दुकानदार तो बघून सामान देऊ लागला. तिच्या ड्यूटी रूममध्ये औषधांच्या कपाटाच्या दारावर पत्रक चिकटलं. मी ते गल्लीसाठी लिहिलं होतं. वाचलं नर्सनी, आयांनी, वॉर्डबॉयनी. त्यांना चाचणीबद्दल दुसरं कुणी काही शिकवलंच नव्हतं. स्वॅब कसा घ्यायचा ते एका फोनवर, एका व्हिडिओत, सगळ्यांनी मिळून एकदा पाहिलेलं. तो कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे सांगायला कोणत्याही साहेबाला वेळ झाला नाही. त्या रिकाम्या जागेत माझं पत्रक जाऊन बसलं.

दुसऱ्या लाटेत एका सकाळी आई अंग दुखतं म्हणाली. रसमला फोडणी घातली तरी तिला वास आला नाही. ड्यूटीवर गेल्यावर तिने रॅपिड करून घेतली. काडी घातली तिच्याच मैत्रिणीने. बाहेर पेशंटची रांग होती, आईच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मैत्रीण म्हणाली, सुम्ने, उगाच कशाला त्रास अक्का, पुरे एवढं. काडी नाकाच्या तोंडाशीच फिरली. नर्सिंग होममध्ये एकमेकींचा स्वॅब असाच हलक्या हाताने घ्यायची रीत पडली होती, मायेपोटी. निगेटिव्ह. आई हेड सिस्टरला म्हणाली की वास येत नाही, घरी राहू का. हेड सिस्टरने कपाटाच्या दाराकडे बोट केलं. तुमच्याच मुलीने लिहिलंय, वाचा की. माणसं कमी होती. उद्या सकाळी ड्यूटी.

संध्याकाळी आई कागद हातात घेऊन पुढच्या दाराने आली. तिला बरं वाटत नव्हतं, तरी चेहऱ्यावरचा ताण सुटला होता. अप्पांनी कागद पाहिला, स्वतःचं ताट उचललं आणि तिच्या खोलीत जाऊन तिच्यासमोर मांडी घातली. "साकु, पुरे झालं," ते म्हणाले. "वर्षभर बायको असून खाणावळीत जेवल्यासारखं जेवलो." आई नको म्हणाली, पण तिने एकदाच म्हटलं. मी तांदळाच्या अक्की रोट्या वाढत होते. आईने चटणी चाटून पाहिली आणि चव लागत नाही म्हणाली. मी ते ऐकलं. टेक्निशियनची ओळ मला अक्षरन् अक्षर पाठ होती. मी अप्पांच्या ताटात आणखी एक रोटी टाकली.

चौथ्या दिवशी अप्पांना ताप आला. या वेळी दोघांची आरटीपीसीआर केली. दोघं पॉझिटिव्ह. आई घरीच बरी झाली. अप्पांना आधी बेड मिळेना, मग ऑक्सिजन. ते गेले तेव्हा आमच्यापैकी कुणी जवळ नव्हतं. गुंडाळलेलं शरीर लांबून दाखवलं, आणि ते अप्पाच आहेत, हेही आम्ही एका कागदावर विश्वास ठेवूनच मानलं.

महिन्याभराने आईला माझी वही सापडली. ती ओळ खोडलेली होती, तरी वाचता येत होती. आईने विचारलं, "हे अक्षर तुझं नाही. कुणाचं?" मी सांगितलं. तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं. मला वाटलं मारेल; मारलं असतं तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "मी नर्स आहे गं. मला वास येत नव्हता. मला कळायला हवं होतं. पण तू छापलं होतंस ना."

मी हेड सिस्टरला दोष देऊन पाहिला, सरकारला दिला, त्या हलक्या हाताच्या मैत्रिणीलाही दिला. सगळ्यांच्या वाट्याला थोडाथोडा जातो. गल्लीवरचा रागही खोटा नव्हता. पण लोकांना अर्धं सत्य झेपतं आणि पूर्ण झेपत नाही, हे ठरवणारी मी कोण होते? ज्यांच्या बाजूने मी लिहीत होते, त्यांच्याच अकलेचा मी अपमान केला होता.

आई अजून तिथेच ड्यूटी करते. पत्रकही कपाटावर आहे, कडा काळ्या पडलेल्या. मी ते फाडायला गेले तेव्हा तिने हात धरला. फाडलंस तर आपण काय मानत होतो ते उद्या कुणाला कळणार नाही, म्हणाली. तिने खिशातलं बॉलपेन दिलं. मी पत्रकाच्या तळाशी टेक्निशियनची ओळ लिहिली. आता नवी मुलगी ड्यूटीवर आली की आई तिला आधी ती ओळ मोठ्याने वाचायला लावते, मग काडी हातात देते.

तुमच्या घरात, शेजारात कुणी नर्स, आया किंवा वॉर्डबॉय असेल, तर आज त्यांना एवढंच विचारा: निगेटिव्ह म्हणजे काय? ‘रोग नाही’ असं उत्तर आलं, तर त्यांना नावं ठेवू नका, त्यांना कुणी शिकवलेलं नाही. ती ओळ त्यांना कागदावर लिहून द्या आणि त्यांच्या कपाटावर चिकटवायला सांगा. लिहिताना एकही शब्द गाळू नका.