पहिलं बक्षीस मुंबईचं तिकीट

आखातात असताना अल मनखूलच्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये तिन्ही बाजूंना आरसे होते. तिथल्या शेवटच्या चार वर्षांत मी ती लिफ्ट वापरली नाही, पाच मजले चढून जायचो. बायकोला वाटायचं, मला व्यायामाचं खूळ लागलंय. मी तिला तसंच वाटू दिलं.

ही गोष्ट दोन हजार सालच्या आसपासची. मी तेव्हा तिथल्या आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी होतो. ऑफिसात साधा क्लार्क, पण मंडळात माझ्या सहीशिवाय सतरंजीही अंथरली जात नसे, आणि याचा मला भारी अभिमान होता. माणसं मला पुस्तकासारखी वाचता येतात, असं मी चारचौघांत म्हणायचोही.

आमच्या कार्यक्रमांना शुक्रवारी गुहागरकडचा एक माणूस यायचा. स्कॅफोल्डिंगचं, म्हणजे परांच्या बांधायचं काम करणारा, पस्तिशीचा. न सांगता खुर्च्या मांडायचा, जेवायचा, भांडी उचलायचा आणि शारजाच्या कामगारांच्या कॅम्पवर परत जायचा. एक दिवस तो साइटवर पडला आणि मानेखालचं सगळं अंग गेलं. डॉक्टरांनी हात टेकले, म्हणाले, आता घरी न्या. त्याचंही तेवढंच मागणं होतं. गावी आई होती आणि त्याला तिच्याजवळ जायचं होतं.

स्ट्रेचरवर न्यायचं तर विमानात सहा सीटा अडवाव्या लागतात, शिवाय सोबत नर्स. त्याचा ठेकेदार फोन उचलेना. मग मी लकी ड्रॉची युक्ती काढली. दहा दिरहमचं तिकीट, म्हणजे सव्वाशे रुपये. एका ट्रॅव्हल एजंटाने पहिलं बक्षीस दिलं, मुंबईचं जायचं-यायचं विमानाचं तिकीट. आमची तिकिटं छापून घेतली, खाली माझं नाव आणि पुढे ‘सेक्रेटरी’. परवानगीचं मागाहून बघू म्हणून विक्रीही सुरू केली. कॅम्पवर, बिल्डिंगमध्ये, दोन शुक्रवारांत बरीच खपली.

तेवढ्यात मंडळातल्या एका जाणत्या गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. पैसे घेऊन नंबर काढणं म्हणजे इथे जुगार, आणि परमिटशिवाय वर्गणी गोळा करणं हाही गुन्हा. थेट डिपोर्ट करतील, म्हणाले. आम्ही विक्री थांबवली. जमलेले पैसे आणि नाव-नंबर लिहिलेले तिकिटांचे अर्धे तुकडे मी दुधाच्या पावडरीच्या मोठ्या डब्यात भरले आणि डबा कपाटात ठेवला. टायपिंग सेंटरमधून अरबीत अर्ज करून घेतला आणि सरकारी खात्यात गेलो.

तिथला अधिकारी वयस्कर होता. लहानपणी बापाबरोबर मुंबईला यायचा, म्हणून हिंदी छान बोलायचा. त्याने अर्ज दोनदा वाचला, मला गहवा, म्हणजे त्यांची अरबी कॉफी, पाजली आणि म्हणाला, “लॉटरी हराम है, ये नहीं होगा. इनाम निकाल दो, सिर्फ मदद माँगो. उसका परमिट मैं देगा, परसों तक, इन्शाल्ला.”

मी हसलो. म्हटलं, इनामाशिवाय आमची माणसं पैसे देणार नाहीत.

“पूछा किसी से?” त्याने विचारलं.

मी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच काय, असं मला वाटलं. दहा दिरहमसाठी दहा वेळा विचार करणारी माणसं आमची, मी त्यांना रोज बघत होतो. आणि खरं सांगायचं तर ड्रॉ माझी युक्ती होती, तिकिटावर माझं नाव होतं. नुसता डबा घेऊन दारोदार फिरणं मला कमीपणाचं वाटत होतं. अर्ज तसाच उचलून मी बाहेर पडलो. मंडळात सांगितलं, परमिट पेंडिंग आहे.

पुढचे पाच आठवडे मी ओळखी काढत फिरलो. कुणाच्या मॅनेजरचा मेहुणा, कुणाच्या कफीलचा, म्हणजे व्हिसा देणाऱ्या अरब मालकाचा, भाऊ. प्रत्येक जण यल्ला, बघतो म्हणायचा आणि घोडं तिथेच पेंड खायचं.

दर शुक्रवारी मी हॉस्पिटलात जायचो. त्याला मान वळवता येत नव्हती, म्हणून शेजारच्या पेशंटने दाढीचा छोटा आरसा पलंगाच्या दांडीला बांधून दिला होता. त्यात त्याला दार दिसायचं. त्यामुळे मी चेहऱ्यावर हसू आणायच्या आधीच तो मला बघायचा. आरशात फक्त त्याचे डोळे असायचे, माझ्यावर लागलेले.

“दादा, कागद आला काय वो?” तो विचारायचा.

पुढच्या आठवड्यात येईल, असं मी पाच वेळा सांगितलं. पाचव्या वेळी त्याने विचारलंच नाही. आरशात बघितलं आणि डोळे मिटले. त्याला कळलं होतं, मी खोटं बोलतोय. मी तरीही परत येऊन त्या मॅनेजरच्या मेहुण्यालाच फोन केला.

सहाव्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी ऑफिसात फोन आला. छातीत संसर्ग झाला होता, खलास. घरी जाऊन तो वाचला असता असं कुणी म्हणालं नाही. पण तो आईजवळ गेला असता. मेल्यावर मात्र त्याला न्यायला कुणाच्या ओळखीची गरज पडली नाही. कायद्याने तो खर्च कंपनीचा, तिने चार दिवसांत कार्गोतून पाठवला.

पैसे ज्याचे त्याला परत करायचे म्हणून मी डबा उघडला. तुकड्यांवर नावं होती, त्यावरून यादी करायला बसलो. पहिल्या तुकड्यावर त्याचं नाव होतं. मला वाटलं, बिचाऱ्याने पडण्याआधी घेतलं असेल. मग आठवलं, तेव्हा तिकिटं छापलीच नव्हती. दुसऱ्यावरही त्याचंच नाव. अक्षर वेगळं. कुठे मराठीत, कुठे हिंदी वळणाचं, कुठे मल्याळममध्ये आणि शेजारी इंग्रजीत, एकावर अंगठा आणि फोरमनने इंग्रजीत लिहिलेलं त्याचं नाव. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका मुलीने गोल इंग्रजी अक्षरात तेच नाव लिहिलं होतं. तुकड्यांत मला इतरांची नावं फार थोडी सापडली.

कॅम्पवर गेलो तेव्हा पैसे कुणी घेईनात. एक जण म्हणाला, तिकीट त्यालाच लागावं म्हणून आम्ही सगळ्यांनी त्याचं नाव टाकलं होतं. लागलं असतं तर गेला असता ना घरी. त्या भोळ्यांना सहा सीटांचं कुणी सांगितलंच नव्हतं. ड्रॉचं काय झालं, तेही कुणी विचारलं नाही. उलट मला चहा दिला, तुम्ही फार धावपळ केलीत म्हणाले.

मला तेव्हा बोलायला हवं होतं. परमिट दोन दिवसांत मिळत होतं, मीच नको म्हणालो, एवढंच. मी चहा प्यायलो आणि टॅक्सीत बसलो. डब्यातले पैसे त्याच्या आईला पाठवले. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नाही. पुढच्या निवडणुकीत मंडळाने मला पुन्हा सेक्रेटरी केलं आणि मी हार घालून घेतला.

त्यानंतर सुपरमार्केटात सामानावर फुकट कूपन मिळालं की मी त्यावर त्याचं नाव लिहायचो आणि आमच्या घरचा नंबर. तसे ड्रॉ तिथे कायदेशीर असायचे, पेटीवर परवानगीचा शिक्का असायचा. आपण असं का करतो, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही.

एका दुपारी घरी फोन वाजला. पलीकडून एका मुलीने आनंदाने त्याचं नाव घेतलं. त्याला डिनर सेट लागला होता.

मी म्हटलं, वो नहीं आ सकते.

ती म्हणाली, विनरने आयडी घेऊन स्वतःच यायला हवं, परमिटची अट आहे. अगदीच जमत नसेल तर घरचं कुणी पत्र घेऊन येऊ शकतं. समोर शोकेसच्या काचेत माझा चेहरा दिसत होता.

“आप उनके कौन लगते हैं, सर?” तिने विचारलं.

“सेक्रेटरी,” मी म्हणालो.